चार नंबरचा आवाज

आमच्या घराण्यात हळू बोलणं हे आजारपणाचं लक्षण समजलं जाई. कुणी जरा खालच्या पट्टीत बोललं की आई आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघायची आणि मग सुंठ उगाळायला घ्यायची. सदाशिव पेठेतल्या ज्या वाड्यात मी वाढलो तिथे नळ खाली चौकात आणि आम्ही वर माडीवर. 'पाणी आलं होऽ' ही बातमी सगळ्या बिऱ्हाडांना एका दमात पोचवण्याचं काम लहानपणीच माझ्याकडे आलं, आणि वाडा पडेपर्यंत मी ते इमानाने केलं. वाडा बिल्डरमुळे पडला, माझ्यामुळे नाही. वेगळं बोलणारेही काही भाडेकरू होते, पण ते सोडून द्या.

पुढे शाळेतल्या बाईंनी आम्हा चार-पाच मुलांना शिवाजीनगरला आकाशवाणीवर 'बालोद्यान'साठी नेलं. "बाळ, जरा मागे सरक," असं म्हणत तिथल्या मंडळींनी मला माईकपासून एकेक पाऊल मागे नेलं. माझी पाठ दाराला टेकली तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. कार्यक्रम लागला त्या दिवशी सगळा वाडा रेडिओभोवती जमला होता. रेडिओ लावला नसता तरी चाललं असतं, असं मालकांचं मत पडलं.

कॉलेजात गेल्यावर मी पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत काम केलं. १९६३ पासून चालत आलेली ही स्पर्धा, भरत नाट्य मंदिर खचाखच भरलेलं आणि पडदा उघडायच्या आधी पोरांची ती आरोळी, 'आव्वाज कुणाचा?' त्यावर प्रत्येकाने आपापल्या कॉलेजचं नाव घ्यायचं असतं. मला एकच वाक्य होतं, 'साहेब, तार आली.' ते मी म्हटलं, आणि प्रयोग संपल्यावर 'आव्वाज कुणाचा?' या प्रश्नाला मागच्या रांगांतून कॉलेजच्या नावाऐवजी माझं आडनाव आलं. नाटकातली माझी कमाई एवढीच.

तर असा मी, कोथरूडच्या आमच्या सोसायटीत लहान मुलांना आवाजावर ताबा ठेवायला शिकवण्यासाठी एकमताने निवडला गेलो.

झालं असं, की मुलं दुपारी पार्किंगमध्ये खेळत होती, आणि दुपारी एक ते चार हा पुण्यात कसला काळ असतो हे नव्याने सांगायला नको. सभेत तक्रार आली. दुसऱ्या बाजूने सांस्कृतिक समितीचं गाऱ्हाणं होतं, की हीच मुलं गणपतीत स्टेजवर उभी राहिली की तोंडातल्या तोंडात बोलतात, पहिल्या रांगेतल्या आईलासुद्धा ऐकू येत नाही. म्हणजे खाली नको तितका आवाज आणि वर हवा तेवढाही नाही. यावर कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं. आमची ही उभी राहून काही बोलली. तिने आयुष्यभर बालवाडी चालवली आहे. पण ती आपल्या नेहमीच्या आवाजात बोलली, त्यामुळे मागच्या खुर्च्यांना वाटलं ती पंखा लावायला उठली आहे. मग मी उभा राहिलो. माझं बोलणं शेवटच्या खुर्चीपर्यंतच नव्हे, तर पंपरूमपर्यंत पोचलं, आणि सेक्रेटरी म्हणाले, "काका, आवाजातलं तुम्हालाच कळतं."

मी तयारीला लागलो. सी विंगमध्ये संस्कृतच्या एक निवृत्त बाई राहतात. त्यांनी पाणिनीय शिक्षेतलं सांगितलं. वाईट पाठ करणारे तिथे सहा प्रकारचे मोजले आहेत. गात गात म्हणणारा, घाई करणारा, मान डोलावणारा, लिहिलेलं बघून वाचणारा, अर्थ न समजता बोलणारा आणि दुबळ्या आवाजाचा. बाईंनी एकेक बोट मिटत हे सांगितलं आणि प्रत्येक बोटागणिक माझ्याकडे पाहिलं. सहावं आलं तेव्हा मात्र "हा एक दोष तुमच्यात नाही हो," असं त्या मोठ्या मनाने म्हणाल्या.

कायदाही वाचला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५. आता समोरासमोर बसून दोन माणसं साधं बोलली तरी साठाच्या आसपास जातं, आणि पुण्यात साधं बोलायची पद्धत नाही. कायदा सरासरी मोजतो म्हणून आपण सगळे बाहेर आहोत. मी मोबाइलवर आवाज मोजायचं अॅप घेतलं आणि पहिल्या दिवशी क्लब हाऊसमध्ये गेलो. रिकाम्या खोलीत, पंख्यासकट, ४८. मुलं आत आली, ८५. मी म्हणालो, "शांत बसा!" ९८.

दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, हे मला मुलांना समजावायचं होतं. तेरा डेसिबलच्या फरकाचा हिशोब मनातल्या मनात केला तो वीसपट निघाला. मोबाइल माझ्या हातात, तोंडाजवळ होता, हे खरं. तरीसुद्धा अॅप खिशात टाकलं आणि तो विषय तिथेच थांबवला.

मग कार्डं काढली. घरातल्या पाठकोऱ्या लग्नपत्रिका कापून मी पाच-पाच कार्डांचे संच केले होते. शून्य म्हणजे मौन. एक म्हणजे कुजबुज, शेजारच्या कानापुरती. दोन म्हणजे समोरच्याशी बोलायचा आवाज. तीन म्हणजे वर्गाला किंवा स्टेजवरून. चार म्हणजे मैदानावर, किंवा साप दिसला तर. पद्धत शाळांमधून चालते आणि चांगली आहे. पाच वर्षांच्या मुलाला 'हळू बोल' म्हणून काही कळत नाही. हळू म्हणजे किती, हे त्याला कुठेतरी बघायला मिळावं लागतं.

"चला," मी टाळी वाजवून म्हणालो, "आता सगळ्यांनी मिळून एक नंबर करायचं!"

खोलीत क्षणभर शांतता पसरली. मग पुढचे दोन दात पडलेला एक मुलगा उठला आणि अत्यंत गंभीरपणे विचारता झाला, "इथेच?"

त्यानंतर मुलं का लोळत होती हे मला घरी येईपर्यंत कळलं नाही. बालवाडीतली शू आणि शी यांची क्रमवारी मला हिने जेवताना समजावली. पण कार्डं कापून झाली होती, आणि पत्रिकाही संपल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पाणिनीय शिक्षेतली वाघीण काढली. वाघीण आपलं पिल्लू दातांत धरून नेते. दात रुततही नाहीत आणि पिल्लू पडतही नाही. अक्षरं तोंडात तशी धरावीत, असा तो दृष्टान्त. दोन-अडीच हजार वर्षांत उच्चाराबद्दल याहून नेमकं कोणी काही बोललं असेल असं मला वाटत नाही. मी तो रंगवून सांगितला. शेवटच्या वाक्याआधीच निम्मी मुलं वाघीण झाली आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनी मानेला धरलं. दात कुठेही रुतले नाहीत असं मला पालकांना लेखी द्यावं लागलं.

मग श्वास. आवाजाचं भांडवल श्वास असतो. मुलं ओरडताना खांदे उचलून छातीच्या वरच्या भागात हवा भरतात आणि गळा आवळून ती बाहेर ढकलतात. पोटातून श्वास कसा चालतो हे दाखवायला उताणं झोपवून पोटावर कागदाची होडी ठेवायची. श्वास घेतला की होडी वर, सोडला की खाली. मी स्वतः सतरंजीवर आडवा झालो. माझ्या पोटावर होडी ठेवताच मुलं भोवती गोळा झाली. मी दीर्घ श्वास घेतला. होडी इतकी वर गेली की मला मुलं दिसेनाशी झाली. पलीकडून दोन वेण्यांच्या मुलीने माहिती दिली, "आजोबा, होडी डोंगरावर गेलीय." मुलं मात्र हा प्रकार फार सुंदर करत होती. त्यांच्या होड्या अगदी संथ हलत होत्या. एकाची तर इतकी संथ, की तो झोपला आहे हे तास संपल्यावर लक्षात आलं. मला सतरंजीवरून उठवायला वॉचमन आले.

हे सगळं चालू असताना ही काही बोलत नव्हती. एकदाच म्हणाली, "अहो, शांततेचा खेळ घेऊन बघा ना." मॉन्टेसोरीबाईंचा हा खेळ. मुलांना निश्चल बसवायचं, मग बाईंनी लांब जाऊन एकेकाचं नाव कुजबुजत घ्यायचं, आणि ज्याचं नाव ऐकू येईल त्याने पाऊल न वाजवता उठून जायचं. गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न'मधला मास्तर पहिल्याच दिवशी वर्गात हा खेळ घेतो आणि तो सपशेल फसतो. पोरं हैदोस घालतात, मग मास्तर गोष्टीकडे वळतो. ते वाचून मला धीर आला. गिजुभाईंच्या मास्तराचा फसला तर माझा फसण्यात कसली नामुष्की?

पण माझा खेळ यशस्वी झाला. दुःख तेच आहे.

खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. मुलांनी डोळे मिटले, शून्याचं कार्ड मांडीवर ठेवलं. "जे जे ऐकू येईल ते मनात ठेवा," मी म्हणालो. आधी पंख्याची कुरकुर ऐकू आली. मग कुठल्यातरी कुकरची शिट्टी. मग रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचं ते रडकं गाणं, भंगारवाल्याच्या हातगाडीवरचं रेकॉर्ड केलेलं 'भंगाऽर', दूरवर बसचा ब्रेक. मग तेही थांबलं. मुलांचे चेहरे असे काही निवळले होते, की मला वाटलं, हेच ते, जे मॉन्टेसोरीबाईंना दिसलं असेल. आणि त्या नितळ शांततेत, क्लब हाऊसच्या बरोबर वरच्या गॅलरीतून, माझ्याच घरातून, आमच्या हिचा फोनवरचा आवाज आला. बहिणीशी बोलत होती. आवाज दोन नंबर, त्याहून एक कणही जास्त नाही.

"... अगं, कसला डोंबलाचा ताबा! रात्री घोरतात तेव्हा समोरच्या विंगमधला कुत्रा उत्तर देतो. ... हो, टीव्ही चाळीसवर. ... आंघोळीला गेले की गाणं म्हणतात ते तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी परवा पूर्ण करून दाखवलं. ... आत्ता? आत्ता खाली शिबिर चाललंय. पण अजिबात आवाज येत नाहीये गं. झोपले असतील."

एकही मूल हसलं नाही. त्यांनी नियम पाळला. फक्त दात पडलेल्याने डोळे उघडले, आपला संच शांतपणे चाळला आणि चारचं कार्ड काढून माझ्यासमोर धरलं.

त्या दिवसापासून कार्डांना सोसायटीत किंमत आली. मुलं ती खिशात घालून हिंडू लागली. रात्री अमेरिकेशी ऑफिसचं बोलणाऱ्या एका बापासमोर त्याच्या मुलीने कॅमेऱ्यात दिसेल असं 'दोन' धरलं. पलीकडच्या साहेबाला वाटलं, दोन टक्के सवलत मागताहेत. कुकरची शिट्टी झाली की एक चिरंजीव ओट्याजवळ जाऊन तिला 'चार' दाखवत. ए विंगमधल्या एका नवरा-बायकोचं भांडण लेकाच्या धाकाने एक नंबरमध्ये पार पडलं. त्यामुळे शेजाऱ्यांना काहीच कळेना, आणि काही बरंवाईट तर नाही ना म्हणून त्यांनी बेल वाजवली. सोसायटीच्या ग्रुपवर मला टोमणे येऊ लागले. गंमत म्हणजे मुलांना आवाज कधी किती लावायचा हे आधीपासूनच येत होतं. आईकडे मोबाइल मागताना, आजीला दुसऱ्या लाडवासाठी खुणावताना आणि भावाची चहाडी करताना त्यांचे तीन वेगळे आवाज होते आणि तिन्ही अचूक. पार्किंगमध्ये ती ओरडत कारण त्यांना ओरडायचं असे.

आणि मी? मी त्या सगळ्यांना रोज 'हळू बोला' असं ओरडून सांगत होतो. गणपती जवळ आले आणि माझा आवाज बसला. बसला म्हणजे पार गेला. 'चहा' म्हणायला गेलो तर 'च'च्या पुढे नुसती हवा आली.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंकडे फॉर्म भरायचा होता. 'आवाज कशासाठी वापरता?' या रकान्यात मी लिहिलं, 'आवाजावर ताबा ठेवण्याचे वर्ग.' बाईंनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. मग घशात आरसा घालून त्यांनी मला खूप काही सांगितलं, आणि मला उलट बोलता येत नसल्यामुळे मीही आयुष्यात प्रथमच सगळं ऐकून घेतलं. लहान मुलांचे स्वरतंतू आखूड असतात, म्हणून आवाज बारीक. सेकंदाला अडीचशे-तीनशे वेळा ते एकमेकांना भेटतात. रोज ओरडत राहिलं की त्यांवर गाठी येतात, कुदळ मारणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात तशा, आणि पोर कायम घोगरं बोलायला लागतं. बहुतेकदा ऑपरेशन लागत नाही, सवय बदलली की गाठी विरतात. घसा बसल्यावर जोर लावून कुजबुजणं हीसुद्धा विश्रांती नव्हे, त्यानेही ताण पडतो. आणि लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ सालीच दाखवून दिलंय, की कानावर गोंगाट पडला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. "तुम्ही खोलीत असताना मुलं हळू कशी बोलतील?" असं त्यांनी विचारलं. मी चिठ्ठीवर लिहिलं, 'फी किती?'

आठवडाभर मौन सांगितलं होतं. तेवढे दिवस वर्ग हिने घेतला. मी कोपऱ्यात बसून पाहत होतो. ती गोष्ट इतक्या खालच्या आवाजात सांगायची, की मुलं सरकत सरकत तिच्या गुडघ्यापाशी येत. स्टेजच्या आवाजासाठी तिने त्यांना नंबर सांगितला नाही. दोन वेण्यांच्या मुलीला भिंतीशी उभं केलं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला संस्कृतच्या बाईंना बसवलं. "ओरडू नकोस. त्या आजींना सांग. त्यांना कळलं का ते त्यांच्या डोळ्यांत बघ." पहिल्यांदा पोरगी पुटपुटली. बाईंनी कानामागे हात नेला. मुलीने मान वर केली, श्वास घेतला, तोंड उघडलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. आवाज वाढला नव्हता, तो नुसता तिथपर्यंत गेला होता. बाईंनी मान डोलावली. हे बघून मी मनापासून 'शाब्बास' म्हणालो, पण हवाच आली.

नाटक होतं उंदराच्या टोपीचं. दोन वेण्यांची उंदीर झाली आणि दात पडलेला राजा. प्रयोगाच्या दिवशीच माझा आवाज परत आला. ही म्हणाली, "तुम्ही प्रॉम्प्टिंगला बसा, फार बोलावं लागणार नाही." पार्किंगमध्ये मांडव, मुलं पडद्याआड, समोर सगळी सोसायटी, आणि पलीकडच्या गल्लीत ढोल-ताशा पथक दणाणतंय. लोंबारचं म्हणणं मला त्या क्षणी पटलं. उंदीर मंचावर आला, शेवटच्या रांगेतल्या संस्कृतच्या बाईंकडे बघून बोलला, आणि ढोलांच्या दोन ठोक्यांच्या मधून त्याचा शब्द न् शब्द पोचला. टाळ्या पडल्या. मग राजाची पाळी आली. राजा वाक्य विसरला.

"दरवाजा उघडा! आत येऊ द्या!" मी पडद्याआडून हळूच सांगितलं.

माझ्या मते तो एक नंबर होता. पण गेटवरच्या वॉचमननी तो हुकूम समजून दोन्ही दारं सताड उघडली. बाहेर मघापासून हॉर्न देत असलेला केटरिंगवाल्याचा टेम्पो थेट आत आला आणि मसालेभाताच्या पातेल्यांसकट मंचासमोर येऊन उभा राहिला. प्रेक्षकांना वाटलं, हा नाटकाचाच भाग. राजा हुशार होता. पुढच्या प्रत्येक वाक्याला तो नुसता हात उंच करायचा, तोंड उघडायचा आणि पडद्याकडे डोळा घालून माझी वाट बघायचा. तसंच सगळं नाटक पार पडलं. त्याचा व्हिडिओ ग्रुपवर फिरला, तेव्हा सिएटलमधल्या त्याच्या मावशीने कळवलं की राजा फार गोड दिसतोय, फक्त त्याच्या घशाला एकदा दाखवून घ्या.

विसर्जनानंतर आढाव्याची सभा झाली. सेक्रेटरींना कौतुकाचा उमाळा आला. मुलांनाच विचारू या, शिबिरात काय शिकलात, असं ते म्हणाले. दात पडलेला खुर्चीवर उभा राहिला. त्याने श्वास पोटातून घेतला, खांदे जराही उचलले नाहीत. शेवटच्या खुर्चीवरच्या संस्कृतच्या बाईंकडे नजर लावली आणि स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटं, म्हणाला,

"आम्हाला सगळे नंबर येतात. आजोबांना एक नंबर करता येत नाही, आणि दोन नंबर तर त्यांना होतच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये शिरलो. आत सहा माणसं. तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊंनी पिशवीतून त्रिफळा चूर्णाची बाटली काढून माझ्या हातात ठेवली आणि माझ्या खांद्यावर हात टाकून सांगितलं, "लाजायचं काय त्यात? रात्री झोपताना एक चमचा, कोमट पाण्याबरोबर. तीन दिवसांत मोकळे व्हाल." हे त्यांनी चार नंबरमध्ये सांगितलं.